मी मेमरी कमी केली

आमच्या ऑफिसात सर्व्हर अडला की एकच औषध होतं, मेमरी वाढवा. त्यानं भागलं नाही तर रिस्टार्ट. पाहुण्याचं पोट भरलं तरी आपण नागपूरकर ताटात वाढतच राहतो, तसंच आमचं त्या सर्व्हरशी चाललं होतं.

संत्र्यांच्या ऑनलाइन लिलावाची वेबसाइट आमच्या तिघांच्या टीमकडे होती. अकराला लिलाव सुरू व्हायचा, बोली रंगात यायची आणि नेमकी तेव्हाच साइट गप्प बसायची. काही सेकंद कुणाचंच बटण हलायचं नाही. तेवढ्यात हातचा माल गेला की व्यापारी फोनवर जे बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी पुण्याच्या हेड ऑफिसनं सांगून टाकलं की पुढच्या हंगामात साइट पुन्हा अडली तर काम तिकडे जाईल, आणि नोकरी हवी असेल त्यानं पुण्याला यावं.

मला जायचं नव्हतं. वीज केंद्रातून निवृत्त झालेले बाबा खापरखेड्याला एकटेच राहतात. शिवाय मला राग आला होता. आमची चूक आम्हाला सापडणारच नाही, हे पुण्यात बसून कुणी ठरवलं?

साइट जावावर चालते. किती मेमरी घ्यायची, आत साचलेला, वापरून झालेल्या डेटाचा कचरा कसा झाडायचा, हे जावाला सुरू करतानाच एका ओळीत सांगायचं असतं. आमची ती ओळ मारुतीच्या शेपटासारखी वाढली होती. जो आला त्यानं इंटरनेटवरून उचललेली एक सेटिंग मागे चिकटवली, पण आधीची काढायची हिंमत कुणालाच झाली नाही. नोकरी सोडून गेलेल्यांच्या सेटिंगासुद्धा आम्ही देवघरातल्या टाकांसारख्या सांभाळत होतो.

मी आधी काहीच बदललं नाही, हंगामाचे उरलेले लिलाव नुसती पाहत बसले. साइट गप्प व्हायची तेव्हा दर वेळी आत झाडलोट चाललेली असायची. लग्नाचा हॉल भलामोठा असला की पत्रावळी साचेपर्यंत कुणी झाडू हातात घेत नाही, आणि मग सगळ्या वऱ्हाडाला बाहेर उभं करून झाडावं लागतं. आमचंही तेच होत होतं. मेमरी जितकी वाढवू तितकी गप्प राहण्याची वेळ वाढत होती. त्यात कुणीतरी झाडण्याची जुनी पद्धत सक्तीची करून ठेवलेली, आणि सगळी मेमरी जावानंच खाल्ल्यामुळे त्याच मशीनवरचा डेटाबेस बिचारा उपाशी.

मी ती जुनी सक्ती काढली, जावाची नवी पद्धत चालू दिली, मेमरी निम्म्याहून कमी केली. ज्या सेटिंगचं कारण कुणालाच सांगता आलं नाही, तीही काढली. कामठीहून येणारे आमचे सीनियर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"काहून कमी करून राहिली वं? लोकं वाढवून मागतात."

"सर, टेस्टच्या मशीनवर पाहिलं मी. चालते."

"अन् नाही चालली त?"

"त पुण्याले जाऊ सोबतच," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

नव्या हंगामाच्या पहिल्या लिलावाला ते रिस्टार्टची कमांड टाईप करूनच बसले होते, फक्त एंटर मारायचं बाकी होतं. अकरा वाजले. बोली चढत गेली. साइट मध्येमध्ये क्षणभर झाडून घेत होती आणि ते फक्त माझ्या स्क्रीनवर दिसत होतं. फोन वाजेना, म्हणून सरांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, लाईन चालू आहे ना ते पाहायला. लिलाव संपला तेव्हा त्यांनी न वापरलेली कमांड पुसली आणि माझ्यासाठी तर्री पोहे मागवले. मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटला. उगाच विनय कशाला दाखवू?

आठवड्यानं पुण्याहून फोन आला. त्यांच्याकडची एक साइट अशीच अडत होती. तुम्ही नेमकं काय वाढवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काहीच नाही, कमी केलं." मग त्यांनी आमची ओळ मागून घेतली, आणि लिलावाचं काम नागपूरलाच राहील असंही सांगितलं.

रविवारी खापरखेड्याला गेले. बाबांचे जुने सोबती ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "पोरगी पुण्याले कधी चालली?"

बाबांना जावा कळत नाही. पण मी फोनवर सांगितलेलं त्यांनी नीट ऐकलं होतं.

"माही पोरगी काहून जाईन पुण्याले?" ते म्हणाले. "पुण्याचेच तिले विचारून राहिले."