एका रिंगचा सोबती

त्या पहाटे फोन वाजला आणि वाजतच राहिला. एरवी देवानंदचा फोन एकदा वाजून तुटायचा. तो आमचा ठरलेला मिस कॉल होता... मी निघालो, तूही निघ. आज याचा बॅलन्स जास्त झाला वाटतं, असं मनात म्हणत मी फोन उचलला, तर पलीकडे शीलावहिनी, त्याची बायको. "भाऊजी, हे गेले..." एवढंच बोलल्या. एक बूट पायात, एक हातात, असा मी ओसरीत बसून राहिलो.

याला आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात. मला जमणार नाही. मी त्याच्यावर चिडलेलो आहे, आणि भांडायला तो उरलेला नाही.

देवानंद आणि मी गोंदियात एकाच राईस मिलच्या ऑफिसात होतो. नव्व्याण्णव साली दोघांनाही एकाच आठवड्यात शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या आणि रोज चाला. गोळ्या मी घेतल्या. चालणं माझ्याच्यानं होणारं नव्हतं, मी जन्माचा आळशी. पण देवानंद पहाटे माझ्या घरासमोर यायचा आणि मला हाक न मारता सगळ्या मोहल्ल्याला सांगायचा, "तुळशीरामची शुगर वाढून राहिली, अन् हा घोरून राहिला!" लाजेखातर उठावं लागे. मग दोघं मुर्री गावाच्या रस्त्याला लागायचो. मी कुरकुर केली की म्हणायचा, "मन नाही म्हणते तं नाल्यापर्यंतच चल, तेथून परत येऊ." नाला आला की त्याला नेमकी अशी एखादी गोष्ट आठवे, की ती ऐकता ऐकता मुर्री कधी मागे पडे ते कळत नसे. असं त्यानं मला कित्येक वर्षं फसवून चालवलं. ती फसवणूक मला आवडायची, हेही सांगून टाकतो.

पुढे वाट्याची धानाची शेती पाहायला तो गावी, चिचगडला राहायला गेला. मला वाटलं, संपलं आपलं चालणं. पण तोवर मोबाइल आले होते. जाताना त्यानं बजावलं, "पहाटे निघालो का एक रिंग देईन. उचलजो नोको. निघजो फक्त." आम्ही बाजारातून एकसारखे बूटही घेतले. त्यानंतर ती रिंग चुकली नाही. पावसात आली, थंडीत आली, माझ्या पोराच्या लग्नाच्या दिवशीही आली. रविवारी मात्र तो निवांत बोलायचा. "आज बंधाऱ्याच्या पार गेलो गा. चितळाचा कळप उभा होता, मले पाहून हललाही नाही." कधी मोर, कधी रानडुकरं. मी अंथरुणात पडल्या पडल्या विचार करायचो, तो तिकडं जंगलात चालून राहिला अन् आपण लोळत राहावं? आणि उठायचो. माझी शुगर उतरली, पोट उतरलं. देवानंद मधूनमधून गोंदियाला यायचा, तेव्हा त्याचं पोट सुटलेलं दिसे. मी टोकलं तर म्हणे, "तुह्या वहिनीच्या हातचं खाणं आहे बाबू, चालण्यात कसर नाही." मी हसायचो. माझा त्याच्यावर पुरा भरवसा होता.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चिचगडला गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. वहिनींनी आतून बूट आणून माझ्यापुढे ठेवले. "तुमच्याच मापाचे आहेत, घेऊन जा." तेच बूट, गोंदियाच्या बाजारातले. मी उलटे करून पाहिले. तळव्याची नक्षी जशीच्या तशी. माझे तसले जोड एकामागून एक झिजून गेले होते.

"वहिनी, हे तं नवेच आहेत."

त्या खाली पाहत म्हणाल्या, "चालतच कोठी होते जी ते? आल्यावर दोन-चार दिवस फिराले गेले. मंग कंटाळा आला म्हणे. खाटेवरूनच तुम्हाले रिंग देत, अन् पांघरून घेऊन झोपत."

"अन् चितळं?"

"गुराखी सांगत जाय. तेच तुम्हाले सांगत."

"तुम्ही मले कायले नाही सांगितलं?"

"म्या म्हणलं होतं सांगतो म्हणून. तं म्हणे, सांगजो नोको, तुळशीराम चालणं सोडून देईल."

रात्री तिथंच राहिलो. पहाटे सवयीनं जाग आली, तसा बंधाऱ्याकडे निघालो. बाया मोहफुलं वेचत होत्या. बंधारा म्हणजे चार शेतं ओलांडली की आलाच, त्याच्या अंगणातून दिसतो. एवढंही त्याच्यानं झालं नाही. त्याच्या पायाला जखम नव्हती, गुडघे दुखत नव्हते, काही नाही. नुसता कंटाळा. आणि त्या कंटाळ्यानं शुगर वाढत गेली, किडन्या गेल्या, तेही मला कळू दिलं नाही, आणि माणूस गेला. मी बंधाऱ्यावर बसून रडलो. रागानं रडलो.

घरी पोरगा म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठीच खोटं बोलले ना ते." सगळे हेच म्हणतात, कौतुकानं म्हणतात. मला पटत नाही. त्यानं एकदा तरी म्हणायचं होतं, तुळशीराम, माह्याच्यानं होऊन नाही राहिलं. मी पहिल्या बसनं देवरी, तिथून चिचगड गाठलं असतं. शिव्या दिल्या असत्या, हात धरून ओढत नेलं असतं, महिनाभर मुक्काम ठोकला असता. मी आळशी आहे, पण त्याच्यासाठी उठलो असतो. त्यानं मला जगवलं आणि मला मात्र त्याला जगवू दिलं नाही. जिला सोबत समजत आलो ते माझं एकट्याचंच चालणं होतं, आणि हे मला तो गेल्यावर कळावं... याची माफी नाही.

ते बूट मी घेऊन आलो. दाराशी माझ्या बुटांशेजारी आडवे पडलेले असतात. बायको म्हणते, घाला, नाही तर देऊन टाका कोणाला. मी दोन्ही करत नाही. पहाटे नाडी बांधताना ते कोरे तळवे समोर दिसतात. मी त्याला एक सणसणीत शिवी देतो आणि निघतो. त्याशिवाय हल्ली पाय उचलत नाही.