पाठ टेकली तरी

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण मुरुडच्या बसवंत वस्तादांचं. आज पन्नाशीत नांदेडला ग्रॅपलिंग, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावायची मॅटवरची झुंज, खेळायला उतरलो आणि मॅटच्या रबरी वासानं तरुणपणी खेळलेली त्यातली पहिली लढत आठवली. जिंकलो असतो तर राज्य संघात जागा होती. मी समोरच्या गड्याची पाठ टेकवली आणि तालमीच्या सवयीनं त्याला सोडून हात वर केले. त्यानं खालूनच माझा पाय असा पिळला की मला हार मानावी लागली.

"पाठ लागली की कुस्ती संपली न्हाई का?" मी विचारलं.

"पैलवान, इथं पाठ लागून काय होत न्हाई. नियम वाचले न्हाईत व्हय?" तो हसला.

तेव्हा लाजेनं गावी जाववेना. आता हसू येतं. त्याच संध्याकाळी पत्र टाकलं होतं:

"वस्ताद, हरलो. तुमच्या शिकवणीत खोट नाही. तालमीत मी एकटाच पदवीधर, तरी नियमांचा कागद वाचला नाही. सोमवारी येतो. आत घ्याल ना?"