दस्त्यावरचा गाल

मी सुतार. शहापूरच्या बाजारामागे माझं दुकान आहे. लोकांची दारंखिडक्या बसवून पोट भरतो, पण माझा जीव जडलाय तो जुन्या लष्करी बंदुकांच्या लाकडावर. गोळी कुठे जाते याच्याशी मला देणंघेणं नाही. लोखंडी नळी लाकडाच्या कुशीत अशी निजवलेली असते की मधून केस जाणार नाही, ते पाहिलं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. कचेरीवरच्या पहारेकऱ्याच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे मी इतक्या वेळा टक लावून पाहिलंय की एकदा त्याने विचारलंच, "काय रे, खाऊन टाकतो का?"

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात टोकावड्याच्या बाजूची एक बाई दुकानात आली आणि "बंदुकीचा दस्ता, ते खांद्याला लावायचं लाकूड, बनवाल का?" म्हणाली, तेव्हा मी रंध्याखालून बोट काढायचंच विसरलो.

तिचे वडील दिवाळीनंतर वारले होते. रानडुकरांपासून भात राखायला त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती; लष्करातून बाद झालेली, नळी बदलून शेतकऱ्यांना दिलेली. आता सोमवारी ती पोलिसांत जमा करायची होती.

"बंदूक जाऊ दे," ती म्हणाली. "पण दस्त्यावर बाबांच्या गालाची जागा हाय. जल्मभर तिथं गाल टेकून झिजलंय ते. तेवढं लाकूड मला पायजे. तुमी तसाच दुसरा बनवा, तो लावून देऊ."

"ताई, हे कायद्यात बसतं का?"

"ते वकिलाला इचारीन. तुमी सुतार ना?"

असल्या आमंत्रणाला नाही म्हणणारा माणूस मी नव्हे. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन, मुरबाडला एसटी बदलून, दुपारी त्यांच्या घरी हजर झालो. ओटीवर तिची म्हातारी आई वाल सोलत बसली होती. काडतुसं आधीच जमा केलेली होती. बंदूक घोंगडीवर आडवी होती. मी पायातल्या वहाणा काढल्या, कमरेत वाकलो आणि बंदुकीला मुजरा केला.

"हा नाटकातला सुतार कुठनं आणलास गो?" म्हातारी म्हणाली.

काय घडण होती! अक्रोडाचं लाकूड, जवसाचं तेल पिऊन पिऊन काळंतांबडं झालेलं. मागच्या पितळी पट्टीत नखाएवढं दार. ते उघडलं की आत तेलाची पितळी कुपी. त्याच भोकातून लांब पेचकस घातला की एकच स्क्रू निघतो आणि अख्खा दस्ता हातात येतो. खिळा नाही, सरस नाही. मी तो सोडवला आणि उन्हात धरला. डाव्या अंगाला खळगा होता, बोटाच्या पेरालाच कळेल एवढा. तळाशी पिवळसर झाक.

मापं घेण्याआधी मला राहवलं नाही. दस्ता उजव्या खांद्याला लावला आणि गाल टेकवला. माझी मान आपोआप थोडी पुढे आणि खाली गेली. डावा डोळा मिटला. मी काहीच केलं नव्हतं. कुणीतरी हनुवटीला धरून शिकवावं तसं ते लाकूड मला वळवत होतं. आणि ते गार नव्हतं. उन्हाने तापलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मग माप घेतलं. या बंदुकांचे दस्ते सैनिकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे निरनिराळे करत. हा सगळ्यात आखूड होता. बुटक्या माणसाचा.

"बाबा उंच होते का हो?"

"उंच? सोताच्या दारातनं वाकून येत," लेक म्हणाली.

मी मान वर केली, तर नजर नेमकी भिंतीवर टांगलेल्या कोयत्यावर थांबली. "तोबी बाबांचाच," ती म्हणाली. त्याची धार उलट्या अंगाने पाजवलेली होती. असा कोयता लोहाराकडून मुद्दाम करून घ्यावा लागतो, डावखुऱ्या माणसासाठी. आणि डावखुरा माणूस बंदूक डाव्या खांद्याला लावतो. त्याचा गाल दस्त्याच्या उजव्या अंगाला टेकतो. उजवं अंग मी उन्हात फिरवून फिरवून पाहिलं. सपाट होतं.

मला थापा मारायला आवडतं. लोकांना मी काय काय सांगितलंय, विचारू नका. इथे तर गप्प बसलं की काम झालं असतं. ती सुखी, मी सुखी. पण ज्याचा तो गाल, तो बुटका, उजव्या हाताचा माणूस माझ्या मांडीवर पडून ऐकतोय असं वाटलं आणि जीभच वळेना. मी खरं ते सांगून टाकलं: ही जागा बाबांच्या गालाची नाही.

तिने दस्ता माझ्या हातातून घेतला. दोन्ही अंगांवरून अंगठा फिरवला. मग आईकडे पाहिलं.

"आई, तुला ठावं व्हतं?"

"त्यांनाबी ठावं व्हतं," म्हातारी वाल सोलत म्हणाली. "खंडेनवमीला हळद नळीला नाय लावत, त्या खळग्याला लावत. मी इचारलं तर म्हणाले, आधीचा माणूस हाय त्यात. त्याला न्यायला कोणी आलं नाय."



लेकीने तो दस्ता मांडीवर घेतला. वडिलांचं म्हणून एवढंच मागितलं होतं तिने. शेवटी माझ्यापुढे धरला. "लावा परत."

"नवीन नको बनवू?"

"कोणाचा तरी बाप असंल तो. धडापासनं तोडून कसा ठेवू?"

मी स्क्रू आवळला. शेवटच्या आट्याला लाकूड लोखंडावर बसलं तेव्हा उसासा टाकल्यासारखा आवाज आला. घट्ट सांध्यातून हवा निघते तेव्हा येतो तसा; सुतारकामात हे नवीन नाही.

पोलिसांत न्यायला बांधावी म्हणून तिने वडिलांचं धोतर पसरलं आणि बंदूक त्यावर ठेवली. खळग्याची बाजू खाली गेली. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "ताई, तोंड वर करा त्याचं. गुदमरेल."

म्हातारीचे हात थांबले. लेकीने दोन्ही तळवे खाली घातले, तान्हं मूल उचलतात तशी बंदूक हळूच वळवली, आणि धोतराचं टोक खळग्यावरून बाजूला सारलं.

"आता बरं वाटतंय?" तिने विचारलं. मला नाही, खाली बघून.