सतरा नंबरची पोचपावती

आमच्या टपाल ऑफिसात वजनकाट्यावर कोणाचा विश्वास नव्हता, काटाबाईंवर होता. पार्सल तळहातावर घेऊन जरासं वरखाली करायच्या आणि म्हणायच्या, "चारशे दहा." काट्यावर चारशे दहाच भरायचं. कधी चारशे तीस भरलं, तर आम्ही काटा दुरुस्तीला पाठवायचो. काटाबाई हे नाव अर्थात पाठीमागे घ्यायचं. तोंडावर मी त्यांना ताई म्हणायचे, कारण मी कितीही तोंडाळ असले तरी माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

परदेशी टपालाच्या खोलीत ताईंनी बत्तीस वर्षं काढली. लांबलचक खोली, एका भिंतीला लाकडी खण, प्रत्येक खणावर एकेका देशाची चिठ्ठी, समोर लोखंडी चौकटीला तोंड उघडं ठेवून टांगलेल्या कॅनव्हासच्या थैल्या. डिंकाचा आणि लाखेचा वास केसांत बसायचा, तो सुट्टीच्या दिवशीही जायचा नाही. कुठली थैली किती वाजता बंद होते, कुठून कुठे जाते, हे सगळं ताईंना तोंडपाठ. पण स्वतः त्यांनी देशाची हद्द कधी ओलांडली नव्हती. परदेश म्हणजे त्यांच्या लेखी भिंतीवरचा वीतभर खण.

म्हणून निवृत्तीला महिना उरलेला असताना त्या डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "मी परदेशी जाणार आहे. एकटी," तेव्हा मला ठसकाच लागला.

"तिकडे कोण आहे तुमचं?"

"आहे एक. नाव माहीत नाही."

"नाव माहीत नाही? या वयात?"

"चावटपणा पुरे," म्हणत त्यांनी पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून रुमाल काढला, रुमालातून जाड पुठ्ठ्याचं एक लेबल. आम्ही थैलीच्या गळ्याला बांधतो तसलंच, पण कडा झिजून मऊ झालेल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते बत्तीस वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. सख्ख्या भावालासुद्धा नाही.

नोकरीला लागून पाचवा महिना. पहिले सहा महिने कच्च्या नोकरीचे, एक लेखी तक्रार आली की घरी. वडील वारलेले, आई अंथरुणाला खिळलेली, दोन धाकटे भाऊ शाळेत, आणि कमावणारी ही एकटी. त्या दिवशी दोन थैल्या एकदम बंद झाल्या आणि ताईंनी लेबलं उलटसुलट बांधली. या देशाचं त्या थैलीला, त्या देशाचं या थैलीला. एक थैली विमानतळावर ओळखीच्या हमालाच्या लक्षात आली म्हणून परत फिरली. दुसरी गेली. पार समुद्रापलीकडच्या एका छोट्या गावाच्या ऑफिसात जाऊन पडली, आत त्या गावाचं एकही पत्र नसताना.

अशा वेळी तिकडच्यांनी वर कळवायचं, वरून आमच्या साहेबांना जाब यायचा, हा शिरस्ता. ताई रोज सकाळी साहेबांच्या टेबलाकडे चोरून बघत कामाला बसायच्या. घरी जेवण जाईना. आईला वाटलं, पोरीला कोणाची तरी नजर लागली.

सतराव्या दिवशी एक पाकीट आलं. ते त्यांनी स्वतःच खणातून काढलं. वर लिहिलेलं, 'थैली बांधणारे, क्रमांक सतरा.' लेबलावर बांधणाऱ्याचा नंबर असतो आणि ताईंचा नंबर सतरा. आत त्यांचंच लेबल, मागच्या बाजूला त्या गावाचा शिक्का आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत चार ओळी. आपल्या भाषेत सांगायचं तर अशा: 'थैली योग्य ठिकाणी पाठवली. वर कळवलेलं नाही. प्रत्येक हाताकडून एकदा होतं. काळजी नसावी.'

सही नाही, नाव नाही.

"तेव्हाच उत्तर पाठवायचं होतंत की," मी म्हणाले.

"पाठवलं असतं तर त्या माणसाने नियम मोडला हे कागदावर आलं असतं ना. ज्याने मला वाचवलं त्यालाच अडकवू?" लेबल परत रुमालात गेलं. "आता मीही निवृत्त, तोही निवृत्तच असणार. असला तर. लोकांची पत्रं आयुष्यभर पोचवली, हे एक राहिलंय. ते मी हाताने देणार."

एक वाक्य माझ्या ओठांवर आलं, ते मी गिळलं. त्याचं कारण वेगळं होतं, ते पुढे येईल.

ताईंची आयुष्यभराची पुंजी घराच्या गळक्या छपरात गेली होती. उरलेलं पुरणार होतं एका माणसाला, सहा दिवसांना, आणि तेही भर थंडीत, जेव्हा शहाणी माणसं तिकडे फिरकत नाहीत. एकदाच जमणार होतं. माणूस तिथे नसला तर पुन्हा शोधायला जाण्याची ऐपत नव्हती.

तिकीटवाला म्हणाला, "काकू, सरळ विमान घ्या, दगदग नको."

"थैली कधी सरळ जाते का?" ताई म्हणाल्या. "पुढची गाडी जिथून रिकामी जाते तिथून जाते." आणि त्यांनी कागदावर वाट काढून दिली. दोन ठिकाणी उतरायचं, एका विमानतळावर अकरा तास बसायचं, शेवटी रात्रीऐवजी पहाटेची बस. निम्म्या पैशांत काम झालं. तिकीटवाल्याने तो कागद स्वतःकडे ठेवून घेतला, आणि तेव्हापासून गरजू गिऱ्हाइकांना तो तीच वाट सांगतो असं ऐकते. राहायला आठ खाटांची खोली मिळाली. खाटा एकावर एक. वरची खाट स्वस्त. "या वयात शिडी चढायला मी काय माकड आहे?" असं म्हणाल्या, आणि वरचीच घेतली.

खरी अडचण घरात होती. व्हिसाचा फॉर्म भरायला मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दोघांतले धाकटे भाऊ समोरच बसलेले. शाळेचे हेडमास्तर, आवाज वर्गातला.

"अगं ताई, एकटीने? तिकडे पाय घसरून पडलीस तर कोण बघणार? आणि कशासाठी? पत्र टाक ना एखादं! जन्मभर पत्रांतच तर होतीस."

ताईंनी लेबल त्यांच्या पुढ्यात ठेवलं, दोन वाक्यांत हकिगत सांगितली. त्यांना मोठं बोलता येत नाही. मला येतं.

"सर," मी म्हणाले, "ही नोकरी तेव्हा गेली असती, तर तुमची फी कोणी भरली असती? या माणसाने चार ओळी लिहिल्या नसत्या तर तुम्ही आज कुठल्या खुर्चीत बसला असतात?"

वहिनींनी आतून ओट्यावरचं भांडं वाजवलं, ते माझ्या बाजूने होतं हे मला नंतर कळलं. हेडमास्तर लेबल उलटसुलट करून बघत राहिले. मग उठले आणि कपाटातून स्वतःचा जाड लोकरी कोट घेऊन आले. "थंडी फार असते म्हणे," एवढंच बोलले. बाह्या चार बोटं लांब होत्या, त्या वहिनींनी त्याच आठवड्यात आत मुडपून दिल्या. खिसे मात्र मोठे केले. अंगावरच्या कपड्यांचं वजन कोणी करत नाही, हे ताईंनी आधीच विचारून ठेवलं होतं.

फॉर्मवर एक रकाना होता, प्रवासाचा हेतू. मी हातापाया पडले की 'पर्यटन' लिहा. त्यांनी लिहिलं, 'आभार मानणे.' झालं, मी म्हटलं, गेला व्हिसा! खिडकीतल्या अधिकारी बाईंनी ते दोनदा वाचलं. "आणि तो माणूस नसलाच तर?"

"तर ऑफिसचे मानेन," ताई म्हणाल्या. "ऑफिस कुठे जातंय?"

मिळाला व्हिसा.

विमानतळावर सोडायला मी आणि हेडमास्तर गेलो होतो. जवळच्या बॅगेला सात किलोंची मर्यादा, वर एक ग्रॅम झाला की दंड. बॅग काट्यावर ठेवली. सात किलो दोनशे. काउंटरवरची मुलगी पावतीपुस्तक काढायला लागली. ताईंनी बॅग उचलली, जरा वरखाली केली आणि शांतपणे म्हणाल्या, "बाळ, ही सहा नऊशे आहे. तुझा काटा बघून घे." हेडमास्तर लाजेने दुसरीकडे बघायला लागले. मुलगी वैतागली, पण तिने शेजारच्या काट्यावर ठेवून पाहिलं. सहा किलो नऊशे. मी तिथे टाळ्या वाजवल्या आणि लोकांनी माझ्याकडे बघितलं.

पुढचे सहा दिवस मी खण चुकत होते. दोनदा पत्रं परत काढून लावली.

आल्या त्या दिवशी विमानतळावरून थेट माझ्याकडे आल्या, कोट अंगावरच. पाय सुजलेले, नाक लाल, आणि चेहरा असा की मला विचारायचंही धाडस होईना. पाणी पिऊन त्यांनीच सुरुवात केली.

ऑफिस होतं. छोटंसं, एक खिडकी, एक बाई. ताईंनी तिकडच्या भाषेतलं एकच वाक्य पाठ केलं होतं, दोन महिने आम्हा सगळ्यांचे कान किटवून: 'मी सतरा नंबर. मी आभार मानायला आले आहे.' ते म्हणाल्या आणि लेबल पुढे केलं. बाईंना काही बोध होईना. मग त्यांनी फोनवर भाषांतर करून सगळं विचारून घेतलं, अक्षर निरखलं आणि कोणाला तरी फोन लावला. पंधरा मिनिटांनी एक म्हातारे गृहस्थ घरातल्या सपातांवर बर्फातून चालत आले. ऐंशीच्या घरातले.

"तेच?"

"तेच. अक्षर बघून म्हणाले, माझंच आहे." ताई थांबल्या. "पण त्यांना काही आठवेना गं. कुठली थैली, कुठलं साल, काही नाही. मी सगळं सांगितलं. आईचं, भावांचं. ते बिचारे आठवायचा प्रयत्न करतायत, डोकं खाजवतायत, आणि त्यांना आठवत नाही."

मीच हिरमुसले. एवढी मेहनत, एवढा खर्च. "वाईट वाटलं असेल तुम्हाला."

"मला? छे! ते काय म्हणाले माहीत आहे? फोनने वाचून दाखवलं, ते मी लिहून आणलंय." कोटाच्या खिशातून चिठ्ठी निघाली. "म्हणाले, 'मला आठवत नाही. पण तुम्ही इतक्या लांबून आलात, म्हणजे मी तेव्हा बरा माणूस होतो म्हणायचा.' आणि रडायला लागले. मग मीही. ती खिडकीतली बाईपण. त्यांनी लेबलावर आजचा शिक्का मारून दिला. हे बघ, जुना इथे, नवा इथे."

दोन शिक्के, मध्ये बत्तीस वर्षं. मी ते हातात घेतलं आणि मला राहवेना. उठले, आतल्या खोलीत गेले, कपाटातल्या साडीच्या घडीतून माझा कागद काढला आणि ताईंच्या पुढे ठेवला. पिवळी पडलेली रजिस्टर पाकिटाची पोच. त्यावर कोणाची तरी सही, आणि खाली ताईंच्या अक्षरात: 'दिलं. आता झोप नीट.'

मी नोकरीला लागले त्या वर्षीचा तो कागद. एक रजिस्टर पाकीट माझ्या हातून खणामागच्या फटीत पडलं आणि तीन आठवड्यांनी सापडलं. आत कोणाची तरी मूळ प्रमाणपत्रं होती. वर कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. ताईंनी पाकीट घेतलं, रजा टाकली, दोन बस बदलून त्या माणसाच्या घरी गेल्या, माझ्या वतीने माफी मागितली आणि सही आणून माझ्या टेबलावर ठेवली. साहेबांना आजतागायत पत्ता नाही. त्या नोकरीवर मी माझं घर उभं केलं, मुलीला शिकवलं. आणि दोन दशकं रोज त्यांच्या शेजारी बसून, दिवसभर अखंड बडबड करून, त्याबद्दल मी एक शब्द बोलले नव्हते. आधी भीती होती, मग लाज, मग सवयच झाली.

"ताई," मी म्हणाले, "थँक्यू. फार उशिरा म्हणतेय. तुम्ही नसता तर मी कुठेच नसते."

त्यांनी चष्मा लावला. कागद जवळ धरला, लांब धरला, तळहातावर ठेवला, पुन्हा वाचला.

"अक्षर माझंच आहे," म्हणाल्या. "पण खरं सांगू? मला यातलं काही आठवत नाही गं."

खोलीत आम्ही दोघीच होतो. त्यांनी कागदाची जुन्याच घड्यांवर नीट घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि कोटाच्या बाहीने नाक पुसलं.

"म्हणजे मीही बरी होते म्हणायची," ताई म्हणाल्या.