दोन नाके आणि आठवा महिना

लोणारहून मंठ्याला जायचा बेत असेल तर बैलांची दमणी आधी ठरवा, भाकरी-पिठलं बांधून घ्या आणि स्वातंत्र्याविषयीची मतं घरी ठेवा. मी ती सोबत नेली. घरातली पहिली बी.ए. ना!

धाकटी बहीण सुमन मंठ्याला, म्हणजे अजून निजामाच्याच राज्यात, गरोदर. तिचे यजमान स्वातंत्र्य आणायला सरहद्दीवरच्या छावणीत गेलेले, आणि त्यांना शोधत निजामाचे बंदूकवाले घरी येऊ लागलेले. पुरुष गेला तर हेर ठरतो, म्हणून तिला बाळंतपणाला आणायला मी निघाले.

पहिला नाका आपला. मी उत्साहानं ‘जय हिंद’ म्हटलं. शिपायानं माझ्या पिशवीतलं मीठ काढून घेतलं.

“निजामाला मीठ पुरवता, ताई?”

“निजाम माझ्या बहिणीकडे जेवायला येतो हे ठाऊक नव्हतं.”

“नाकेबंदी म्हणजे नाकेबंदी.”

मिठासाठी तुरुंगात गेलेल्यांचं राज्य आता मीठ जप्त करतं. प्रगती म्हणतात ती हीच.

दुसऱ्या, निजामाच्या नाक्यावर खादीचं वावडं. अंगावरची उतरवता येईना, म्हणून त्यांनी खादीची रिकामी पिशवी ठेवून घेतली. इकडचे कलदार आणि निजामाची हाली, दोन्ही नाणी जवळ असू द्या. म्हणजे दोन्ही सरकारांना तुमचा सारखाच संशय येतो. पुढं रस्ता आहे, असं गाडीवान सांगत होता. मला दगड दिसले.

मंठ्यात सुमननं अळणी वरण वाढलं. तिची सासू ज्वारी पाखडत म्हणाली, “न्यायला आल्ती व्हय? आठवा लागलाय. आठव्यात वेस ओलांडत न्हाईत.”

मी आरोग्य, विज्ञान आणि स्त्रीस्वातंत्र्य यांवर भाषण केलं.

“झालं? मंग जेव.”

दुपारी दारावर बंदुकीचे दस्ते आदळले. “पोरगा कुठाय?”

“तुमच्यावाणीच गेलाय बोंबलत,” म्हातारी म्हणाली.

“उद्या येऊ. सुनेला विचारू,” म्हणून ते गेले.

म्हातारी थोडा वेळ देवापुढं बसली. मग उठली. “सुमे, गाठोडं बांध. सातवाच चालू हाये.”

“पण आत्याबाई, तुम्हीच तर...”

“महिने म्या मोजून राह्यले का तू?”

दोन सरकारांना एक हद्द हलवता येईना. हिनं अख्खा महिना मागं सरकवला.

“तुम्हीपण चला,” मी म्हटलं.

“घर उघडं टाकू? हितंच चूल मांडतील मेले. जा जल्दी.”

परतताना निजामाच्या नाक्यावर हाली मोजून सुटलो. आपल्या नाक्यावर तोच शिपाई भाकरी खात होता. भाकरीवर मीठ होतं. कुणाचं, ते मी विचारलं नाही. सुमनकडे पाहून त्यानं गाडी न तपासता सोडली.

घरी आईनं आमटी वाढली. पहिल्या घासालाच सुमन थांबली.

“खारट झाली का गं?”

“न्हाई. बराबर झालीय.” एवढं बोलून तिनं ताट सरकवलं.

तेव्हापासून ती अळणीच खाते. आई रागावते. मी, भाषणांसाठी प्रसिद्ध असलेली, तिचं वरण मीठ घालायच्या आधी काढून ठेवते. बाळंतपण उरकलं की मी पुन्हा मंठ्याला जाणार आहे, म्हातारीकडे. मीठ या खेपेला पदराच्या गाठीत बांधून नेईन. भाषण नेणार नाही. वाटेत ते जप्त करायचं कुणालाच सुचत नाही.