मोठ्या आईचा वाघ

आमच्या करडी गावात लोकांच्या नावावर धानाची शेती असते. माझ्या मोठ्या आईच्या, म्हणजे थोरल्या काकूच्या नावावर एक वाघ होता. तरुणपणी, दिवेलागणीच्या वेळी तलावाच्या बांधावर, आमच्या भाषेत पाळीवर, गवत कापताना तिला तो दिसला, ती "हाड" म्हणाली आणि तो निघून गेला, एवढीच गोष्ट. पण ती लग्नात सांगायची, बारशात सांगायची, एकदा तर तेरवीच्या जेवणातही सांगितली. आणि दर वेळी वाघ थोडा जास्त घाबरायचा.

माझ्या आईचा या वाघावर काडीचाही विश्वास नव्हता. "तडस असन," ती म्हणायची. "हाड म्हटल्यानं जायले तो काय शेजाऱ्याचा बकरा हाय?" बाकी सगळ्या बाबतीत दोघी जावांचं एकमत होतं, त्यामुळे भांडायला बिचारा वाघच उरला होता. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि नागझिऱ्याचं जंगल तिकडे गेलं, तेव्हा आई तांदूळ निवडता निवडता अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाई, तुमचा वाघ आता गोंद्याले गेला." मोठी आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

पुढे दोनेक वर्षांनी दोघींना एका लग्नासाठी नागपूरला न्यायची पाळी माझ्यावर आली. लग्न संध्याकाळचं आणि आम्ही पोचलो दुपारीच. आमच्याकडचा माणूस नागपुरात मोकळा सापडला की त्याला महाराजबाग दाखवायची असा रिवाजच आहे. जुनी, राजेलोकांच्या वेळची बाग, आणि आत पिंजऱ्यात जनावरं. आईचा चेहरा उजळला. "चला बाई, वाघ पाहून घेऊ. ओळखता येते का पाहू."

"चाल," मोठी आई पदर खोचत म्हणाली. "आज तूच म्हणशीन, वाघ होता म्हणून."

अशा रीतीने खटला बागेत उभा राहिला. हिरवळ पाहून आईला हळहळ वाटली. "येवढं पाणी पाजून राहिले अन् निस्तं गवत. चांगल्या चार बांध्या निंगल्या असत्या धानाच्या." हरणांपुढे दोघी फार थांबल्या नाहीत. रात्र रात्र जागून ज्यांना लाखोरीच्या शेतातून हाकलायचं, त्यांनाच पाहायला तिकीट काढायचं, हे त्यांना पटत नव्हतं. मोठी आई तर भराभर पुढे चालली होती. गुडघे दुखतात म्हणून घरी पाटही न उचलणारी बाई ती हीच का, असं मला वाटलं.

वाघ सावलीत आमच्याकडे पाठ करून झोपला होता. आईने थोडा वेळ पाहिलं, "हा तर कुत्र्यावानी झोपला," म्हणाली आणि पाणी प्यायला नळाकडे गेली.

मग तो उठला. उठतच राहिला. अंग ताणत जाळीपाशी आला, वळला, पुन्हा आला. डोकं आमच्या घरच्या परातीएवढं. मोठी आई आता काहीतरी फुशारकी मारेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिने माझं मनगट धरलं.

"इतला मोठा राहते काय रे?"

"हो."

"त्या दिवशी गवतातून निस्तं डोस्कं दिसलं. मले वाटलं, गोऱ्ह्याएवढा असन." ती वाघावरून नजर काढत नव्हती. "तुही माय बाळंतीण होती, तुह्या बहिणीच्या वेळेस. लेकराले सांजच्याले पाळीवर नेऊ नोका, मले म्हणे. तू रडून राहिला होता, म्हणून नेला. माह्या कडेवर होता तू."

इतक्या लग्नांत आणि बारशांत ऐकलेल्या त्या गोष्टीत मी कधीच नव्हतो.

आई तोंड पुसत आली. "काय बाई, ओळखला काय?"

मोठ्या आईने वाघाकडे पाठ केली. "तडसच होता तो," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांचं भांडण जिंकून आई गडबडूनच गेली. तिला जिंकायची सवय नव्हती आणि जिंकायचं तर मुळीच नव्हतं. "असं काहून म्हणता?" ती मागे मागे चालत म्हणाली. "वाघही असन. अंधारात का दिसते?"

"नाही. तडस."

संध्याकाळी पंगतीत आईने स्वतःच विषय काढला. आमच्या बाईनं वाघ हाकलला होता, असं ती अनोळखी बायकांना सांगू लागली. "हाड" तिने इतकं झोकात म्हटलं की वाढपी थबकला. मोठी आई मान खाली घालून भात कालवत राहिली. तिने मला आग्रहाने शेजारी बसवून घेतलं होतं. मी पाणी आणायला म्हणून उठलो, तर नोकरीला लागलेल्या, मिशा ठेवलेल्या मला तिने सगळ्यांदेखत सदरा धरून खाली ओढलं.

"बस इथंच," ती म्हणाली. "बाहेर अंधार हाय."