आत्याची पोच

माझी आत्या नैवेद्य दाखवल्यावर देवाकडूनही पोच घेत असेल, अशी मला दाट शंका आहे. माणसांकडून तर ती घेतेच. आतोबा सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. ते गेले आणि त्यांची लांबलचक वही आत्याकडे आली. तेव्हापासून तिच्या कोपरखैरण्याच्या घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूची तीत नोंद होते आणि पुढे नेणाऱ्याची सही. जवळ्याची चटणी न्या, सही. शेजारणीने कढीपत्त्याची चार पानं मागितली, सही. एकदा घाईत मी नुसती रेघ ओढून निघालो, तर तिने मला फाटकातून परत बोलावलं. "बाला, ही सही हाय का गांडूल? नीट कर." पन्नाशी उलटलेला, आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी असलेला हा बाळ चपला काढून मुकाट्याने पुन्हा आत गेला.

अशा बाईला गेल्या वर्षी बँकेचं पत्र आलं. नवरा गेल्यावर तिला काही वर्षं वाढीव पेन्शन होती. आतोबा असते तर ज्या दिवशी सदुसष्टचे झाले असते, त्या दिवसापासून ती कमी करायची होती. बँक विसरली. आठ वर्षांनी तिला आठवण झाली, आणि जादा गेलेले दोन लाख नव्वद हजार आता दरमहा पेन्शनमधून कापू, असं पत्रात होतं. कापून उरलं असतं त्यात एक तर गोळ्या आल्या असत्या, नाहीतर जेवण. म्हणजे घर भाड्याने देऊन सीवूड्सला आमच्या चौदाव्या मजल्यावर राहायला येणं आलं, जिथे तिच्या मते "खिरकीतून पन कोनी हाक मारीत नाय."

मी अर्थातच सूत्रं हाती घेतली. अख्खा रविवार घालवून चार पानी अर्ज लिहिला. 'मानवतेच्या दृष्टीने' हे शब्द त्यात सात वेळा आले होते. तांदूळ निवडणाऱ्या आत्याला तो मी भरल्या आवाजात वाचून दाखवला.

"जाम रडतंय रं तुझं पत्र," ती म्हणाली. "त्यांच्या सदुसष्टीची तारीख कुठं हाय?"

मला ती ठाऊकच नव्हती. आत्या उठली, वही घेऊन आली आणि पान काढून माझ्यापुढे धरलं. 'बँकेस अर्ज, एक.' शेजारी बँकेचा गोल शिक्का आणि सही. मागे अर्जाची नक्कल टाचलेली: 'माझे यजमान आज सदुसष्ट वर्षांचे झाले. पेन्शन बघावी.'

"तू स्वतःहून सांगितलंस? पैसे कमी करायला?"

"मंग? माणूस गेला तरी सरकार त्याचं वय मोजत होतं. मोजनाऱ्याला खोटं कशाला सांगू? दर वर्षी हयातीचा दाखला देताना बी विचारलं. तो टेबलावरचा हसायचा. म्हनायचा, आजी, जास्त येतंय तर घ्या ना, टेन्शन कशाला घेता!"

बँकेत माझा अर्ज पिशवीबाहेर आलाच नाही. अधिकारी बाईंनी वहीचं पान पाहिलं, मग आपल्याच बँकेचा शिक्का बराच वेळ पाहिला. "आजी, चूक आमची आहे. मी वर पाठवते."

"पाठव गो. पन पोच दे."

तीन महिन्यांनी पत्र आलं. वसुली रद्द, पेन्शन मात्र यापुढे नियमाप्रमाणे कमी. मी पेढे घेऊन धावलो. आत्याने पत्र आवकला चढवलं, नंबर टाकला आणि वही मिटली.

"घर राहिलं, बरं झालं," ती म्हणाली. "पन आता त्यांचं वय मोजनारं कोनी नाय उरलं."

त्या दिवशी मी पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडवत बसलो.

यंदा आतोबांच्या वाढदिवसाला आत्याने डबा न्यायला बोलावलं. वही उघडीच होती. अक्षर आता जरा कापतं तिचं. 'तांदळाची खीर, डबा एक. यजमान, वय शहात्तर.'

मी सही केली. पूर्ण नाव, खाली तारीख. आत्याने चष्मा लावून ती तपासली आणि डबा माझ्या हातात दिला.